भारत भवनचा पहिला हंगाम आणि चित्राखालचं नाव

१३ फेब्रुवारी १९८२ रोजी भोपाळच्या श्यामला टेकडीवर तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ‘भारत भवन’चं उद्घाटन झालं. खाली पसरलेला बडा तालाब आणि त्याच्याकडे पायरी-पायरीनं उतरत जाणारी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची इमारत. कोरिया मूळ गोव्याच्या कुटुंबातले, काम मुंबईतलं. त्यांनी टेकडीवर काही उंच उभं केलं नाही. लोक वरून आत शिरतात आणि अंगणं, गच्च्या ओलांडत तळ्याकडे उतरत जातात. आत चित्रांसाठी ‘रूपंकर’, नाटकासाठी ‘रंगमंडल’, कवितेसाठी ‘वागर्थ’ आणि संगीतासाठी ‘अनहद’ असे विभाग होते.

राज्य सरकारनं कलाकेंद्र बांधणं, पंतप्रधानांनी फीत कापणं यात तसं नवल काही नव्हतं. नवल होतं ते रूपंकरच्या दालनांत. तिथं एकीकडे आर्ट स्कूलमध्ये शिकलेल्या, शहरांत नाव कमावलेल्या चित्रकारांची चित्रं होती. दुसरीकडे गोंड, भिल आणि इतर आदिवासी समाजातल्या माणसांनी केलेली चित्रं आणि मातीची, लाकडाची, धातूची कामं होती. दोन्ही एकाच संग्रहालयात आणि सारख्याच इतमामानं.

आज हे वाचून कुणी म्हणेल, यात एवढं काय? पण त्या काळातली रीत आठवून पाहा. आदिवासींची कला बघायची तर मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात जावं लागे. तिथं काचेमागे झोपडीचा नमुना, भाले, मुखवटे आणि दागिने असत. खाली पाटी असे ती जमातीची. ‘गोंड, मंडला जिल्हा’ एवढं लिहिलं की काम संपलं. करणाऱ्या हाताला नाव असतं, हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. शहरातल्या चित्रकाराच्या चित्राखाली मात्र नाव, गाव, साल, किंमत असा सगळा तपशील असे.

कलावंत कुणाला म्हणायचं आणि कारागीर कुणाला, हा भेद कलेचा कमी आणि सत्तेचा जास्त असतो, असं माझं मत आहे. भारत भवनच्या पहिल्या हंगामानं या भेदालाच हात घातला. म्हणून चार दशकांनंतरही तो इतिहास नीट समजून घ्यावासा वाटतो.

जुना प्रांत, नवी राजधानी

मराठी वाचकाला भोपाळ दूरचं वाटतं. प्रत्यक्षात ही गोष्ट ज्या मुलखात घडते तो आपल्या शेजारचा, काही काळ तर आपल्याच घरातला. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी मंडला, जबलपूर, रायपूर आणि नागपूर, अमरावती हे सगळं एकाच राज्यात होतं आणि त्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, उरलेला भाग नव्या मध्य प्रदेशात गेला आणि भोपाळ राजधानी झालं.

भोपाळ तोवर नवाबी शहर होतं. १८१९ ते १९२६ या काळात इथं कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतानजहान या चार बेगमांनी राज्य केलं. शाहजहान बेगमनी सुरू केलेली ताज-उल-मसाजिद पैशाअभावी अर्धवट राहिली. १९७१मध्ये काम पुन्हा हाती घेतलं गेलं आणि १९८५मध्ये ते पूर्ण झालं. म्हणजे भारत भवन उघडलं तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला बेगमांची मशीद अजून बांधली जात होती. उर्दू अदबीची या शहराला मोठी परंपरा. इक्बाल १९३०च्या दशकात उपचारासाठी इथं येऊन राहिले होते.

अशा शहरात नव्या राज्याची सांस्कृतिक ओळख घडवायचा प्रयत्न अर्जुन सिंह मुख्यमंत्री असताना झाला. त्यामागे होते कवी आणि सनदी अधिकारी अशोक वाजपेयी. मोठी गॅलरी दिल्लीत, मोठा बाजार मुंबईत आणि बाकीच्यांनी तिकडं जाऊन रांगेत उभं राहायचं, ही चाल मोडण्याचा विचार त्यात होता. रूपंकरची जबाबदारी देण्यात आली जगदीश स्वामीनाथन यांना.

स्वामीनाथन यांचा जन्म सिमल्याचा, घराणं तमिळ. तरुणपणी कम्युनिस्ट कार्यकर्ते, मग पत्रकार आणि पुढं चित्रकार. १९६३मध्ये दिल्लीत ज्या ‘ग्रुप १८९०’चं प्रदर्शन भरलं, त्याचे ते एक म्होरके होते. आदिवासींची कला ही मागं राहिलेल्या काळाची खूण आहे, हे त्यांना मान्य नव्हतं. जी माणसं आज जगताहेत, आज चित्रं काढताहेत त्यांची कला आजचीच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘समकालीन’ या शब्दाचा त्यांनी लावलेला हा अर्थ साधा होता, पण कलाविश्वाला पचायला जड होता.

भिंतींचा शोध

उद्घाटनाच्या आधी, १९८१मध्ये, स्वामीनाथन यांनी कलेच्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या राज्यातल्या आदिवासी भागांत पाठवल्या. गावोगाव फिरायचं, भिंतींवर, दारांवर, भांड्यांवर काय काढलंय ते पाहायचं, करणाऱ्याशी बोलायचं आणि कामं जमवून आणायची, असं त्याचं स्वरूप होतं.

त्यातली एक तुकडी मंडला जिल्ह्यातल्या पाटनगढला पोहोचली. व्हेरियर एल्विन यांच्यामुळं हे गाव अभ्यासकांना ठाऊक होतं, कारण एके काळी ते तिथं राहिले होते. या गावातल्या एका तरुणानं भिंतीवर केलेली चित्रं विद्यार्थ्यांच्या नजरेत भरली. त्याचं नाव जनगढसिंह श्याम. त्यांचा जन्म जनगणनेच्या सुमारास झाला म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. ज्या समाजाची सरकारी कागदावर फक्त मोजणी व्हायची, त्या समाजातल्या मुलाला त्या मोजणीचंच नाव मिळावं आणि पुढं तेच नाव एका चित्रशैलीला लागावं, हा योग विलक्षण आहे.

जनगढ परधान समाजाचे. परधान आपल्या यवतमाळ, चंद्रपूर भागातही आहेत. ते गोंडांचे गायक, वंशकथा सांगणारे. हातात ‘बाना’ हे तंतुवाद्य घ्यायचं, यजमान गोंडांच्या घरी जायचं आणि बडादेवाच्या, गोंड राजांच्या कथा गायच्या, हे त्यांचं परंपरेनं आलेलं काम. पण यजमानच कंगाल झाले, राज्यं गेली, जंगल सरकारचं झालं. मग गायकाला कोण पोसणार? परधान मजुरीला लागले. जनगढही मजुरी करत होते.

स्वामीनाथन यांनी त्यांना भोपाळला आणलं. कागद, कॅनव्हास, तयार रंग, पुढं छापचित्रांची यंत्रं असं सगळं हाती आलं. आजवर गायले जाणारे देव जनगढनी चित्रात आणले. अनेक देवांना तोवर रूपच नव्हतं. ठिपक्यांच्या आणि बारीक रेषांच्या लाटांनी भरलेले ते देव, हरणं, वाघ, झाडं पाहिली की गाण्याची लय डोळ्यांना दिसते. १९८२च्या उद्घाटनाच्या प्रदर्शनात त्यांचं काम लागलं आणि सोबत त्यांचं नावही. या शैलीला पुढं ‘जनगढ कलम’ म्हटलं जाऊ लागलं. मुघल कलम, पहाडी कलम म्हणतात तसं. फरक एवढाच की इथं दरबाराच्या किंवा प्रांताच्या जागी एका मजुराचं नाव आहे.

सहा रुपये आणि दहा रुपये

दुसरी गोष्ट भूरीबाईंची. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावच्या या भिल बाई पोटासाठी भोपाळला आल्या आणि भारत भवनच्याच बांधकामावर मजुरी करू लागल्या. तुमच्याकडे भिंतीवर काय काढतात ते कागदावर काढून दाखवा, असं स्वामीनाथन यांनी तिथल्या मजूर बायकांना सांगितलं. मजुरीचे दिवसाला सहा रुपये मिळत, चित्र काढण्याचे दहा मिळाले, असं भूरीबाईंनी मुलाखतींत सांगितलं आहे. बसून रंग लावायचे आणि वर जास्त पैसे मिळायचे, याचंच त्यांना आधी आश्चर्य वाटलं.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भिलांमध्ये पिठोरा हे पवित्र चित्र पुरुषांनी काढायचं असतं. बायकांच्या वाट्याला घराच्या भिंती सारवणं आणि सजवणं येतं. भूरीबाईंनी पिठोरा काढला नाही, ती मर्यादा पाळली. पण झाडं, मोर, शेळ्या, लग्नं, पुढं विमानं आणि बसगाड्या असं आपलं सगळं जग त्यांनी कागदावर आणलं. भोपाळच्या आदिवासी संग्रहालयात एका लांबलचक भिंतीवर त्यांनी स्वतःची जीवनकथा रंगवली आहे. त्यात भारत भवनच्या बांधकामावर घमेली वाहणारी बाईही आहे. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कलाकेंद्राची इमारत बांधणारी मजूर बाईच त्या केंद्राच्या भिंतीवरची कलावंत होते, असं उदाहरण आपल्या देशात दुसरं शोधून सापडणं कठीण आहे. महाराष्ट्रात याच्या थोडं आधी भास्कर कुलकर्णी यांनी डहाणूच्या पट्ट्यात वारली चित्रांसाठी असंच काम केलं होतं. त्यातून जिव्या सोमा मशे हे नाव जगापुढं आलं. पण कुलकर्णींची धडपड बरीचशी एकट्या माणसाची होती. भोपाळला त्यामागं एक संस्था आणि तिचा पैसा उभा राहिला.

मंडल्याची दोन मुलं

जनगढ ज्या मंडला जिल्ह्यातले, त्याच जिल्ह्यात सुमारे चाळीस वर्षं आधी आणखी एक चित्रकार जन्मला होता. सय्यद हैदर रझा. जन्म २२ फेब्रुवारी १९२२, गाव बाबरिया. वडील जंगल खात्यात नोकरीला. रात्री गच्च अंधार, दिवसा पानांतून झिरपणारं ऊन आणि जवळ नर्मदा. शाळेत या चंचल मुलाचं चित्त थाऱ्यावर यावं म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बसायला सांगितलं. तो ठिपका पुढं जगभर ‘बिंदू’ म्हणून ओळखला गेला.

रझा १९३९ ते ४३ नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि मग मुंबईच्या जे. जे.मध्ये गेले. १९४७मध्ये सुझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. याच सुमारास रायपूरचा आणखी एक मुस्लिम मुलगा नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकत होता. त्याचं नाव हबीब तन्वीर. छत्तीसगढच्या नाचा कलावंतांना त्यांच्याच बोलीत रंगमंचावर उभं करून ‘चरणदास चोर’ घडवणारे हेच हबीबसाब. लोककलावंताला सजावटीसाठी न वापरता नाटकाचा मालक करणं, हे त्यांनी भारत भवनच्या आधीपासून चालवलं होतं. म्हणजे या विचाराची मुळं त्या जुन्या प्रांतात आधीच रुजलेली होती आणि त्यात मुस्लिम माणसं ठळकपणे उभी होती.

फाळणी झाली. रझांचे भाऊ, बहीण, पहिली पत्नी पाकिस्तानात गेले. रझा गेले नाहीत. लहानपणी मंडल्यात गांधीजींना पाहिल्याची आठवण ते म्हातारपणापर्यंत सांगत. १९५०मध्ये ते पॅरिसला गेले आणि तिथंच राहिले, पण भारतीय नागरिकत्व कधी सोडलं नाही. १९७०च्या दशकात त्यांची पावलं पुन्हा पुन्हा मध्य प्रदेशाकडे वळू लागली. १९७८मध्ये राज्याच्या कला परिषदेनं त्यांना भोपाळला सन्मानानं बोलावलं आणि त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. बिंदू, पंचतत्त्व, मातीचे तांबडे-काळे रंग त्यांच्या चित्रांत ठाम होत गेले ते याच वर्षांत.

आता हे दोघं शेजारी ठेवून पाहा. एक वनखात्यातल्या नोकरदाराचा मुलगा, दुसरा त्याच जंगलातला परधान. एकानं नागपूर, मुंबई, पॅरिस असा रस्ता धरला, दुसऱ्याला तो रस्ता असतो हेच माहीत नव्हतं. भारत भवननं हे अंतर कमी केलं. १९८९मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रानं भरवलेल्या ‘मॅजिसियँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात जनगढ यांची चित्रं लागली. रझा तेव्हा त्याच देशात राहत होते. मंडल्याच्या दोन्ही मुलांना पॅरिसनं पाहिलं. एकाला तिथं पोहोचवलं ते आर्ट स्कूलनं, दुसऱ्याला भोपाळच्या एका टेकडीवरच्या संस्थेनं.

भिंतीपलीकडचे सूर

त्या काळातलं भोपाळ फक्त चित्रांचं नव्हतं. रंगमंडलची सूत्रं ब. व. कारंत यांच्याकडे होती. कर्नाटकातला हा माणूस, पण त्यांनी स्थानिक नट घेतले आणि बुंदेली, मालवी बोलींत नाटकं उभी केली. १९८१मध्ये राज्य सरकारनं भोपाळला ध्रुपद केंद्र सुरू केलं आणि तिथं उस्ताद जिया फरीदुद्दीन डागर यांना गुरू म्हणून आणलं. ध्रुपद तेव्हा संपत आल्यासारखं मानलं जात होतं. देवालयांशी नातं सांगणारी ही गायकी ज्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या जपली, ते डागर घराणं मुस्लिम. उस्तादांनी जात-धर्म न पाहता शिष्य घडवले. उज्जैनचे उदय भवाळकर त्यातलेच, जे आज पुण्यात ध्रुपद शिकवतात. डागर बंधूंचं गुरुकुल आपल्या पनवेलजवळ पळस्प्याला आहे. फरीदुद्दीनसाब २०१३मध्ये गेले.

गंगा-जमनी तहजीब हा शब्द भाषणात फार वापरून झिजलाय. इथं तो अगदी रोजच्या कामात दिसतो. गोंड चित्रकार, मुस्लिम ध्रुपदिया, कानडी नाट्यदिग्दर्शक, तमिळ संग्रहालयप्रमुख, गोव्याचा ख्रिस्ती वास्तुविशारद. कुणी एकात्मतेची शपथ घेतली नव्हती. चांगलं काम करायचं तर ही माणसं लागतील, एवढाच हिशेब होता.

उतरण

हे चित्र एवढ्यावर थांबवलं तर ते खोटं ठरेल. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. जुन्या भोपाळभोवतीच्या गरीब वस्त्यांत हिंदू-मुस्लिम दोघंही झोपेत मेले. हजारो घरं उजाडली. त्यानंतर तळ्याकाठच्या कविता-संगीताच्या समारंभांवर प्रश्न विचारले गेले आणि ते रास्तच होते. श्यामला टेकडी आणि काजी कॅम्प यांच्यातलं अंतर किलोमीटरमध्ये थोडं आहे, पण माझ्या मते भारत भवनला ते कधी पुरतं तोडता आलं नाही. दूरच्या पाटनगढपर्यंत पोहोचलेली संस्था आपल्याच शहरातल्या कारखान्याच्या सावलीतल्या माणसांपर्यंत तेवढी पोहोचली का, हा सवाल शिल्लक राहतो.

पुढं राजकारण बदललं. १९९०मध्ये स्वामीनाथन भारत भवनमधून बाहेर पडले, १९९४मध्ये वारले. संस्थेचा ताबा कुणाकडे, यावरून वाद होत राहिले. सरकारच्या मर्जीवर उभी राहिलेली संस्था सरकार बदललं की हलते, हा धडा त्यातून मिळतो.

१९९६मध्ये याच भोपाळमधून निघणाऱ्या ‘विचार मीमांसा’ या हिंदी मासिकानं मकबूल फिदा हुसेन यांची जुनी रेखाचित्रं छापून त्यांच्यावर जहरी लेख लिहिला. तिथून हुसेन यांच्यामागं जो ससेमिरा लागला तो अखेरपर्यंत सुटला नाही. पंढरपुरात जन्मलेल्या या चित्रकाराला २०१०मध्ये कतारचं नागरिकत्व घ्यावं लागलं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे जुने दोस्त रझा साठ वर्षांचं पॅरिस आवरून दिल्लीला परत आले. एक गेला, एक आला. हुसेन २०११मध्ये लंडनमध्ये वारले आणि इंग्लंडच्याच मातीत दफन झाले. रझा २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या कबरीजवळ त्यांना सुपुर्द-ए-खाक करण्यात आलं.

जनगढ यांना हे सुखही मिळालं नाही. २००१मध्ये ते जपानमधल्या मिथिला म्युझियममध्ये काम करायला गेले होते. तिथंच त्यांनी जीव दिल्याची बातमी आली. वय चाळिशीच्या आतबाहेर. घरी परतण्याची त्यांची ओढ आणि तिथं मिळणारा मोबदला यावर नंतर पुष्कळ लिहिलं गेलं. त्यातलं काय किती खरं यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की पॅरिसला पोहोचलेल्या, विधानभवनाच्या भिंती रंगवलेल्या कलावंतालाही पोटासाठी परक्या देशात एकट्यानं राबावं लागलं. भारत भवननं नाव दिलं. त्या नावाला साजेसा दाम बाजारानं दिला नाही.

आपल्यासाठी काय उरतं

तरीही त्या पहिल्या हंगामाचं पीक अजून येतंय. जनगढ यांच्या नात्यागोत्यातले, गावातले कितीतरी जण चित्रकार झाले. भज्जू श्याम, व्यंकट रमणसिंह श्याम, दुर्गाबाई व्याम ही नावं आता जगभर माहीत आहेत. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी २०११मध्ये ‘भीमायन’ या चित्रकथेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आयुष्य रंगवलं. पाटनगढच्या भिंतीवरचे मोर, मासे, रेल्वेगाड्या घेऊन महाडच्या तळ्याची गोष्ट सांगितली गेली. १९८१ची ती शोधमोहीम झाली नसती तर हे पुस्तक झालं नसतं.

आपल्याकडे शहरोशहरी नाट्यगृहं आहेत, कलादालनं आहेत. हिवाळा आला की प्रदर्शनं भरतात, महोत्सव होतात, निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांची नावं मोठ्या अक्षरांत छापली जातात. अशा वेळी मी दोनच गोष्टी बघतो. मिरजेच्या सतारीचं कौतुक होतं तेव्हा ती घडवणाऱ्या शिकलगार कारागिराचं नाव कुठं असतं? औरंगाबादच्या हिमरूचा स्टॉल लागतो तेव्हा विणकर आपल्या नावानं तिथं बसलेला असतो की ‘पारंपरिक हस्तकला’ एवढीच पाटी असते? आणि दुसरं, त्याच्या दिवसाचे पैसे त्याला मिळाले का?

मुस्लिम समाजातही कारागिरी करणाऱ्या बिरादऱ्यांना आपणच कधी कलावंत म्हटलं नाही. शायर आणि उस्ताद यांचा अभिमान बाळगला, विणकर आणि शिकलगार मात्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत आले नाहीत. दुसऱ्यांना दोष देण्याआधी हे कबूल करायला हवं. पुढच्या उरुसात, पुढच्या इज्तिमात, पुढच्या जिल्हा महोत्सवात एक छोटं प्रदर्शन भरवायला फार पैसा लागत नाही. कामाखाली माणसाचं पूर्ण नाव आणि गाव लिहावं, आणि त्याची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी. स्वामीनाथन यांनी भूरीबाईंसाठी सुरुवातीला केलं होतं ते एवढंच.